घरात टीव्ही नाही, फक्त इंटरनेट. तरीही जर्मनीत प्रसारण शुल्क का भरायचं?

मुक्ता_ड्रेस्डेन
इथे शिकायला आलं, पत्ता नोंदवला की काही दिवसांत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतंच: महिना १८.३६ युरो, तिमाहीचे ५५.०८. माझ्या खोलीत टीव्ही नाही, रेडिओ नाही. लॅपटॉप आहे, त्यावर जर्मन चॅनेल मी लावत नाही. २०१३ च्या आधी निदान घरात यंत्र आहे का, हे तरी बघायचे (२००७ पासून इंटरनेटचा कॉम्प्युटरही त्यात धरला, ते सोडा). आता घर आहे ना, मग भरा! बाफोग ही सरकारी मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याला माफी. आपल्यापैकी बहुतेकांना ती मदतच मिळत नाही, म्हणून माफीही नाही. हा सरळसरळ अन्याय आहे.

नेकरकाठचा
मुक्ता, मला नाही पटत. शुल्क घरटी आहे. तिघी एका फ्लॅटमध्ये राहिलात तर एकीने भरायचं, वाटणीला ६.१२ येतात. यंत्रं मोजायची तर दारोदार माणसं पाठवावी लागतात, आणि आज खिशातल्या मोबाइलवर सगळं दिसतं. बघायची सोय आहे एवढं पुरे, हे संविधान न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलंय. फक्त दुसऱ्या घराचे पुन्हा घेऊ नका म्हणाले.

मुक्ता_ड्रेस्डेन
वाटणी फ्लॅटमध्ये. वसतिगृहात सगळ्यांच्या कॉरिडॉरमध्ये दार उघडणारी प्रत्येक खोली वेगळं घर धरतात. आमच्या मजल्यावर कुकर एकाच ओट्यावर लागतो आणि शुल्क मात्र खोलीगणिक. चार खोल्यांच्या घरातला मॅनेजरही तेवढेच भरतो.

लंडनकर_काका
ब्रिटनमध्ये कुठल्याही चॅनेलचं थेट प्रसारण किंवा बीबीसी आयप्लेअर पाहिलं तरच लायसन्स लागतं. नुसत्या इंटरनेटला नाही.

स्टॉकहोमची_सई
स्वीडनमध्ये हा वाद कोर्टात गेला होता. इंटरनेट जोडलेला कॉम्प्युटर म्हणजे टीव्ही संच नव्हे, असा निकाल २०१४ मध्ये लागला. २०१९ पासून हे पैसे करातून जातात: उत्पन्नाच्या १ टक्का, वर कमाल मर्यादा. कमाईच नसेल तर काही नाही. मुक्ताचं दुखणं नेमकं हेच आहे ना?

नेकरकाठचा
सई, करातून दिलं की दोरी सरकारच्या हाती जाते. इथे जर्मनीतही २०२० च्या डिसेंबरमध्ये झाक्सेन-आनहाल्ट या एका राज्याने शुल्कातली महिना ८६ सेंटची वाढ अडवून धरली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती लागू केली, म्हणून आजचे १८.३६. आपल्याकडे आजोबा पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचे. ऐंशीच्या दशकात ते गेलं. आज प्रसार भारती सरकारी अनुदानावर चालते. बातम्यांत मंत्र्यांचा दौरा आधी आणि शेतकऱ्याचा मोर्चा शेवटी, नाहीतर नाहीच, हे आपण बघत आलोय. सरकारला न घाबरणारी बातमी हवी तर लोकांनीच थेट पैसे द्यायला हवेत.

मुक्ता_ड्रेस्डेन
ते मान्य. दोरी सरकारकडे नको, मलाही नको. पण शुल्क राहू द्या आणि माफीची अट बदला, एवढं तरी करता येईल की. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवून मी आले. त्यातून महिन्याला ९९२ च निघतात, हा आकडा जर्मनीनेच ठरवलाय. भाडं, आरोग्य विमा गेला की काय उरतं? बाफोगचा कागद दाखवला की माफी मिळते, तशी या खात्याच्या कागदावर का मिळू नये?

नेकरकाठचा
या मागणीवर सही करायला मी तयार आहे. घरटी शुल्क मोडायच्या मागणीवर नाही.