विषय: रौप्यमहोत्सवी व्हिडिओ

नमस्कार मंडळी,
आपल्या व्यावसायिक संघटनेच्या रौप्यमहोत्सवाला तीन महिने उरलेत. व्हिडिओ 15 मिनिटांचा धरलाय: 12 मुलाखती, सर्व माजी अध्यक्षांचे शुभेच्छा संदेश, शिवाय जुन्या अधिवेशनांच्या व्हीएचएस कॅसेट. कॅमेरा कोणता घ्यायचा, एवढंच ठरायचंय.
– सचिव

> कॅमेरा कोणता घ्यायचा, एवढंच ठरायचंय

तो शेवटी ठरवा, चांगला फोनही चालेल. आधी लांबी. सभागृहात 7 मिनिटांपलीकडे कुजबुज सुरू होते. मिनिटाला 120 शब्द धरले तर 7 मिनिटांत 840. मध्ये श्वास आणि जुनी दृश्यं सोडली की 600 उरतात. बारा जणांत वाटले तर माणशी 50, म्हणजे नाव-पद सांगण्यातच संपले. सहाच जण घ्या. शुभेच्छा संदेश मात्र पूर्ण गाळा; सगळे एकच वाक्य बोलतात.

विचारणाऱ्याचा आवाज संकलनात कापला जातो, त्यामुळे "परीक्षा तुमच्याच काळात सुरू झाली ना?" असं विचारलं की हाती फक्त "हो" लागतं. "सभासदत्वासाठी परीक्षा का आणली, विरोध कोणाचा होता, ते सांगा" असं विचारा. सालं आठवणीवर सोडू नका, इतिवृत्तांशी ताडून घ्या.

मुलाखती टाइमकोडसकट (वाक्य कितव्या मिनिट-सेकंदाला आहे ते) उतरवून काढा, छापा, हवी ती वाक्यं कात्रीने कापून टेबलावर क्रम लावा. आधी नुसता आवाज जोडून ऐका. गोष्ट कळली तरच फोटोंना हात लावा.

आवाजासाठी कॉलर माइक, खोलीतला एसी बंद. फोनचं चित्रण बहुधा बदलत्या फ्रेमरेटचं (सेकंदाला चित्रं कमीजास्त) असतं. लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू फाकतात. संकलनाआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल बदलून घ्या.

4 × 6 इंची फोटो 600 डीपीआयने (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की 2400 × 3600 पिक्सेल मिळतात. फुल एचडीत सावकाश झूम करायला पुरेसे. व्हॉट्सॅपवर मागवलेत तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच, नाहीतर ते दाबून येतात.

कॅसेटवर पाल की एनटीएससी, म्हणजे कोणती टीव्ही पद्धत, ते आधी बघा. पाल सेकंदाला 25 फ्रेमचं, एनटीएससी 29.97 चं. दोन्ही एकाच टाइमलाइनवर तसंच टाकलं तर हालचाल अडखळते. डीइंटरलेस करा (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं जुळवून पूर्ण करा), नाहीतर हलत्या हातांना कंगव्याचे दात फुटतात. जुन्या टीव्हीचं 4:3 चं चित्र रुंद पडद्यासाठी ताणू नका, बाजूला काळं राहू दे.
– व्हिडिओ उपसमिती

एक भर. काही संकलन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मोडते: वेलांटी पुढे सरकते, जोडाक्षरं सुटतात. प्रीमियर या अॅडोबीच्या संकलन सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. तरीही गडबड झाली तर पाट्या (पडद्यावरची नावं) इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी आणा. नावं दोघांनी वेगवेगळी तपासा. चुकलेलं आडनाव पुढच्या वर्धापनदिनापर्यंत ऐकावं लागतं.

संगीताचे हक्क दोन असतात, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. गाणं कुणी पुन्हा गायलं तरी चालीचा उरतोच.
– कोषाध्यक्ष

संदेश गाळले. माजी अध्यक्षांना कळवायचं कोणी?
– सचिव

पत्रात लिहा की संदेश संकेतस्थळावर पूर्ण लावू, व्हिडिओत नाव आणि कार्यकाळ येईल. एका पाटीवर पाच नावं, 6 सेकंद. सरकती यादी नको, प्रोजेक्टरवर थरथरते. अंतिम फाइल एमपी4, एच.264 (चित्र दाबायची पद्धत), 20 एमबीपीएस (सेकंदाला 20 मेगाबिट). 7 मिनिटांची साधारण 1 जीबी होईल. आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवर, आवाजासकट पूर्ण चालवून बघा.
– व्हिडिओ उपसमिती