इंग्लंडमधल्या शाळेशी झूमवर संवाद: मुलांची आणि शिक्षकांची तयारी कशी करावी?

दादरची शिक्षिका
नमस्कार. आठवीच्या ४५ मुलांचा नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या एका शाळेशी तासाभराचा संवाद ठरतोय. एकच लॅपटॉप, प्रोजेक्टर, शाळेचं वायफाय आणि खिडकीबाहेर रेल्वेलाइन. मुलं आणि शिक्षक, सगळ्यांचीच पहिली वेळ आहे. आधी काय काय बघून ठेवू?

आवाजाचं काम
मॅडम, सगळ्यात आधी आवाज. चित्र थोडं अडकलं तरी निभतं, आवाज तुटला की मुलांचं लक्ष गेलंच. लॅपटॉपचा माइक समोर बसलेल्या एका माणसापुरता असतो, मागच्या बाकावरचं बोलणं तिकडे पोचत नाही. यूएसबीचा कॉन्फरन्स स्पीकरफोन (माइक आणि स्पीकर एकत्र असलेला) कुणाकडून तरी मागून आणा आणि टेबलावर ठेवा. ज्याचा प्रश्न असेल त्याने उठून तिथे यायचं.

हमखास होणारा घोळ असा: कुणीतरी शिक्षक त्याच खोलीत मोबाइलवरूनही जॉइन होतात आणि कर्कश शिट्टी सुरू होते. मोबाइल म्यूट करून भागत नाही, कारण त्याच्या स्पीकरमधून आलेला आवाज लॅपटॉपचा माइक पुन्हा उचलतो. दुसऱ्या उपकरणाचा ऑडिओ पूर्ण तोडायचा.

ऐकताना म्यूट राहा. लॅपटॉपवर स्पेसबार दाबून ठेवला की तेवढ्यापुरता माइक चालू होतो. लोकल जाताना सोडून द्यायचा. नॉइज सप्रेशन, म्हणजे आजूबाजूचा आवाज दाबणारी झूमची सेटिंग, ‘हाय’वर नको, हळू बोलणाऱ्या मुलांचे शब्दही त्यात गिळले जातात.

केबलवाला
होस्ट कोण, म्हणजे मीटिंग कुणाच्या खात्यावरून होणार, हे आजच विचारा. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते, दोनच लॅपटॉप जोडलेले असले तरी. तुमचा तास आहे, म्हणजे ऐन प्रश्नोत्तरांत तुटणार.

वायफायवर विसंबू नका, राउटरपासून लॅन केबल ओढा. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही ४ एमबीपीएस असले तर निर्धास्त. चाचणी त्याच वर्गात, त्याच वेळेला घ्या, कारण ऑफिसची कामं सुरू असताना नेट वेगळंच वागतं. पर्याय म्हणून वेगळ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघितलेला असावा.

वेळ भारताची आणि तिकडची, दोन्ही लिहून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. तिकडचे सकाळचे १० म्हणजे त्याआधी आपले दुपारचे २.३०, नोव्हेंबरात ३.३०.

वर्गशिक्षक
मुलांसाठी रंगीत तालीम हवीच. एक शिक्षक स्टाफरूममधून मोबाइलवर ‘इंग्लंड’ होतील. आधी नाव, मग प्रश्न, मग थांबायचं. आवाज पोचायला क्षणभर लागतो आणि मुलं तेवढ्यात पुन्हा बोलायला लागतात. दोन शिक्षक लागतील: एक फक्त लॅपटॉप, म्यूट आणि चॅट सांभाळणार, दुसरे मुलांजवळ.

खिडकी मुलांच्या पाठीशी नको, चेहरे काळे दिसतात. रेकॉर्डिंग होणार असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. पासकोड आणि वेटिंग रूम (होस्टने आत घेईपर्यंत बाहेर थांबवणारी सोय) चालू ठेवायला होस्टला सांगा.

दादरची शिक्षिका
खूप आभार! एक राहिलं. मुलांनी केलेल्या प्रयोगाचा व्हिडिओ दाखवायचाय. तालमीत चित्र गेलं, आवाज गेला नाही.

आवाजाचं काम
स्क्रीन शेअर करतानाच्या खिडकीत खाली ‘शेअर साउंड’ असतं, त्यावर टिक करून मगच शेअर दाबा. आणि व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून ठेवा, यूट्यूबवरून नको. नाहीतर एकाच नेटवर व्हिडिओ आणि मीटिंग, दोन्हींचा ताण पडतो.