आईला सरकारी हेल्थ इन्शुरन्स मिळेल का? अर्जंट

मृण्मयी_टी
आई अमेरिकेत कायमची आली आहे. सरकारी इन्शुरन्ससाठी दोन ठिकाणी फोन केले, "पाच वर्षं थांबा" एवढंच ऐकलं. तिला डायबेटिस आणि बीपी आहे. बरोबर आणलेल्या मेटफॉर्मिनच्या तीन स्ट्रिप्स उरल्यात, रोज सकाळी ती मोजत बसते. पाच वर्षं कशी थांबणार? काय करू ते कृपया लवकर सांगा.

कावेरीकाठ
राज्य कुठलं? ग्रीन कार्ड की व्हिजिटर? वय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निवांत
व्हिजिटर इन्शुरन्स घ्या. आम्ही आईबाबांसाठी दर वेळी घ्यायचो. फिक्स्ड बेनिफिटवालं, म्हणजे दर उपचाराला ठरलेली रक्कम देणारं मात्र नको, खर्चाच्या मानाने अगदीच कमी देतात. काँप्रिहेन्सिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष बिलाच्या हिशोबाने देणारं घ्या.

कावेरीकाठ
निवांत, त्यांनी "कायमची" लिहिलंय हो. आणि व्हिजिटर पॉलिसीत जुन्या आजाराच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या बसत नाहीत.

निवांत
अचानक बळावलं तर काही पॉलिसी देतात. आम्हाला मिळाले आहेत पैसे.

मृण्मयी_टी
ग्रीन कार्ड. टेक्सास. वय ६७. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) नाही, मेडिकेअरही (६५ च्या पुढच्यांचा) नाही म्हणाले. माझ्या प्रत्येक पगारातून मेडिकेअरचे पैसे कापतात, त्याचं काय मग?

सह्यकडा
ते तुमच्या खात्यावर, आईच्या नाही. मेडिकेअरचा पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) फुकट मिळायला स्वतःचे किंवा जोडीदाराचे ४० क्वार्टर (तिमाही), म्हणजे साधारण दहा वर्षांचं इथलं काम लागतं. तसं नसेल तर ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं राहिल्यावर विकत घेता येतं. २०२६ चे दर: पार्ट ए महिना ५६५ डॉलर, पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) २०२.९०. मेडिकेडची ५ वर्षांची अट १९९६ च्या फेडरल (केंद्राच्या) कायद्यातली आहे.

जास्वंद
माझ्या सासूबाईंना न्यूयॉर्कमध्ये पहिल्याच वर्षी मेडिकेड मिळालं! तुम्हाला चुकीचं सांगितलंय. परत फोन करा.

सह्यकडा
चुकीचं नाही. २००१ च्या कोर्टाच्या निकालानंतर न्यूयॉर्क अशा लोकांसाठी स्वतःच्या तिजोरीतून खर्च करतं. टेक्सास मोठ्यांसाठी तसा करत नाही. फेडरल पैसा थांबला की पुढे सगळं राज्यावर.

ऊन_सावली
स्पॉन्सर करताना आय-८६४ वर, म्हणजे आईला सांभाळण्याच्या हमीपत्रावर सही केलीत ना? मग आईचा खर्च तुमचा. बाकीच्या करदात्यांनी का भरायचा?

जास्वंद
मृण्मयीही करदातीच आहे. आणि आय-८६४ वर सही करून डॉक्टर मिळत नाही. वेळेवर गोळी मिळाली नाही तर तिची आई उद्या इमर्जन्सीत पोचेल, तो खर्च कोण भरणार?

ऊन_सावली
इमर्जन्सीत तपासून स्थिर करावंच लागतं, १९८६ चा कायदा आहे.

जास्वंद
स्थिर करतात, आणि मागाहून बिल येतं. साखरेचं औषध तिथे दर महिन्याला देत नाहीत.

कावेरीकाठ
मृण्मयी, बाकी सगळं सोडा. आई ग्रीन कार्डावर कुठल्या तारखेला उतरली?

मृण्मयी_टी
९ मार्च.

कावेरीकाठ
आज २९ एप्रिल, म्हणजे ५१ दिवस झाले. मार्केटप्लेसवर (खाजगी प्लॅन विकत घ्यायची सरकारी वेबसाइट) नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ६० दिवसांची खिडकी असते. ती चुकली तर थेट नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (सगळ्यांसाठीची वार्षिक नोंदणी) थांबायचं. पाच वर्षांची अट इथे नाही, ६५ च्या पुढचे मेडिकेअर नसलेलेही घेऊ शकतात, आणि डायबेटिसमुळे नाकारता येत नाही. उद्यापर्यंत प्लॅन निवडून पहिला हप्ता भरलात तर १ मेपासून चालू होईल.

मृण्मयी_टी
हे मला फोनवर कोणीच सांगितलं नाही! सबसिडी मिळेल? तिला उत्पन्न शून्य आहे.

सह्यकडा
शून्यावर नाही. मेडिकेडची ५ वर्षं न भरलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या ग्रीन कार्डवाल्यांना आधी मिळायची, १ जानेवारी २०२६ पासून बंद झाली. तुम्ही टॅक्समध्ये तिला डिपेंडंट दाखवलंत तर तुमचं उत्पन्न धरतात. ते दारिद्र्यरेषेच्या चौपटीच्या वर गेलं की पूर्ण दर. हप्ता जड जाईल, पण घ्याच.

मृण्मयी_टी
फॉर्म उघडलाय. आईचा सोशल सिक्युरिटी नंबर अजून आलेला नाही. अडेल का?

कावेरीकाठ
तो रकाना सोडून पुढे जाता येतं. ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनचा नंबर, पासपोर्टमधल्या व्हिसावर असतो, तो टाका. पासपोर्टची आणि शिक्क्याची स्कॅन हाताशी ठेवा, मागतील.

मृण्मयी_टी
सापडला. आईला पासपोर्ट घेऊन शेजारीच बसवलंय.