मदत हवी आहे: एमएलएच१ गेलंय, बीआरएएफ निगेटिव्ह, ब्लॉक खराब
लातूरकडची केस. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर. आयएचसीत (पेशींतली प्रथिनं रंगवून बघण्याची चाचणी) डीएनए-दुरुस्तीच्या प्रथिनांपैकी एमएलएच१ आणि पीएमएस२ गेलेले, एमएसएच२, एमएसएच६ शाबूत. शेजारच्या लिम्फोसाइट्सची केंद्रकं छान तपकिरी, म्हणजे स्टेनिंगचा दोष नाही. (एमएलएच१ गेलं की पीएमएस२ एकटं टिकत नाहीच.) बीआरएएफ जनुकातलं व्ही६००ई म्यूटेशन निगेटिव्ह. लिंच सिंड्रोमची (आनुवंशिक कॅन्सरप्रवणता) जर्मलाइन, म्हणजे जन्मजात दोषाची चाचणी लिहिण्याआधी एमएलएच१ प्रमोटरचं मेथिलेशन (जनुक बंद करणारी रासायनिक खूण; ती असली तर दोष बहुधा आनुवंशिक नाही) बघायचंय.

घोळ ब्लॉकचा, म्हणजे मेणात बसवलेल्या ट्यूमरच्या तुकड्याचा आहे. बफर नसलेलं फॉर्मॅलिन, त्यात ७२ तासांहून जास्त. डीएनएचे आधीच तुकडे, मेथिलेशन चाचणीतल्या बायसल्फाइट प्रक्रियेने आणखी होणार. १०० बेसपेअरच्या आतला अँप्लिकॉन (पीसीआरने वाढवायचा डीएनएचा तुकडा) घेतला तर निकालावर भरवसा ठेवता येईल का? १० मायक्रॉनचे किती काप घेता? आणि संभाजीनगर-नांदेडकडे कुणी हे करतं का, की ब्लॉक पुण्या-मुंबईलाच धाडावा?