अनुभव धागा: लिनक्सवर कर्नल आणि हार्डवेअरचे एरर कसे हुडकता?

लिनक्सवर नव्याने आलेला माणूस पडद्यावर एररच्या ओळी धडाधड सरकताना बघून थेट फॉरमॅट करायला निघतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. एरर कोणता, त्याचा अर्थ काय आणि कोणत्या पायरीने उलगडला, एवढं इथे लिहा. कमांड नेमकी द्या.

*

मशीन गोठून बटणाने बंद करावं लागलं, तर परत चालू केल्यावर डीमेसेज (कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) बघून उपयोग नाही. त्यात फक्त चालू बूटचे संदेश असतात. आधीच्या बूटसाठी "सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१". तिथे काहीच नसेल तर /वार/लॉग/जर्नल हे फोल्डर आहे का बघा. ते नसलं की लॉग रॅममध्येच राहतो आणि बंद करताच जातो. फोल्डर बनवून "सुडो जर्नलसीटीएल --फ्लश" चालवा.

लॉग वरून खाली वाचायचा. एका ऊप्सच्या (कर्नलने नोंदवलेल्या स्वतःच्या बिघाडाच्या) मागोमाग आणखी येतात. कामाचा पहिला, बाकीचे बहुधा त्याचेच परिणाम. "टेंटेड" (कर्नलवर डाग लागल्याची खूण) शब्दापुढची अक्षरंही वाचा: पी म्हणजे बंदिस्त सोर्सचं मॉड्यूल, ओ म्हणजे कर्नलच्या बाहेर बांधलेलं. डी दिसला तर आधी एक ऊप्स होऊन गेलाय, तेव्हा अजून वर जा. एम दिसला तर प्रोसेसरनेच हार्डवेअरची तक्रार नोंदवली आहे. तिथे ड्रायव्हर बदलत बसू नका.

*

डिस्कचं थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे घाई केली तर डेटा जातो.

"एटीए१.००: फेल्ड कमांड: रीड एफपीडीएमए क्यूड" ही ओळ बघून डिस्क मेली असं समजू नका. तिच्याखाली दोन-तीन ओळींवर महिरपी कंसात कारण असतं. "यूएनसी" असेल तर डिस्कला तो सेक्टर वाचता येत नाहीये. "आयसीआरसी एबीआरटी" असेल तर डेटा वाटेत बिघडतोय, म्हणजे संशय साटा केबलवर.

खात्रीसाठी "सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए", म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी दिसतात. ५, १९७ आणि १९८ या नंबरांची (खराब सेक्टरच्या नोंदी) रॉ व्हॅल्यू वाढत असेल तर दोष डिस्कमध्येच. फक्त १९९ (वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद) वाढत असेल तर केबल बदला. १९९ चा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, म्हणून आधी लिहून ठेवा आणि नंतर तो वाढतो का तेवढं बघा.

यूएनसी असताना एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, ते मरत्या डिस्कवर लिहायला लागतं. आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून डेटा वाचवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) देऊन. म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे चालू होतं.

*

"व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)". अपडेटनंतर हा पॅनिक (कर्नल पूर्ण थांबणं) आला तर डिस्क बहुधा ठणठणीत असते. शून्य-शून्य म्हणजे कर्नलला रूटची (मुख्य फाइलसिस्टिमची) डिस्क सापडलीच नाही, कारण इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) लोड झालेलं नाही. /बूट भरलं की ते अर्धवट बनतं.

ग्रबमधल्या (मशीन चालू होताना येणारा बूट मेन्यू) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल चालू करा आणि "डीएफ -एच /बूट" बघा. भरलं असेल तर जुने कर्नल काढायला डेबियन-उबुंटूवर "सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज". फाइली हाताने उडवू नका, पॅकेजच्या नोंदी बिघडतात. मग "सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के" पुढे नव्या कर्नलचं व्हर्जन, आणि शेवटी "सुडो अपडेट-ग्रब". फेडोरावर इनिटरॅमएफएस बनवायचं काम ड्रॅकट ही कमांड करते.

*

"डायरेक्ट फर्मवेअर लोड … फेल्ड विथ एरर -२": उणे दोन म्हणजे फर्मवेअरची (हार्डवेअरमध्ये भरायचा प्रोग्रॅम) फाइल सापडली नाही, एवढंच. वायफायचा ड्रायव्हर नव्या व्हर्जनपासून खाली एकेक फाइल शोधत येतो, त्यामुळे पुढे "लोडेड फर्मवेअर व्हर्जन" दिसलं तर विषय संपला. नाहीच दिसलं तर फर्मवेअरचं पॅकेज टाका. "एलएसपीसीआय -एनएनके" मध्ये "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ आली का तेही तपासा.

*

दर वेळी वेगळाच प्रोग्रॅम, वेगळ्याच जागी कोसळत असेल तर आधी रॅम. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) निदान एक पूर्ण पास, शक्यतो रात्रभर. एक एरर आला तरी तो एररच. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून पुन्हा चालवा. तरी आला तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून बघा, मग स्लॉट बदला. स्टिकबरोबर एरर फिरला तर स्टिक खराब, स्लॉटपाशीच राहिला तर बोर्ड.

*

एनव्हीएमई एसएसडीवर (थेट पीसीआयईला जोडलेली) "कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट" आलं तर एसएसडी बदलण्याआधी पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. ग्रबमध्ये ई दाबा, "लिनक्स"ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी "एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०" जोडा आणि एफ१० दाबा. हे त्या बूटपुरतंच राहतं, त्यामुळे चुकलं तरी बिघडत नाही. फरक पडला तरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये टाकून अपडेट-ग्रब करा.

"पीसीआयई बस एरर: सिव्हिअरिटी=करेक्टेड" चा (आपोआप दुरुस्त झालेल्या एररचा) पूर आला तर "पीसीआयई_एएसपीएम=ऑफ" (पीसीआयईचं पॉवर सेव्हिंग बंद) असंच जोडून बघा. "पीसीआय=नोएईआर" सुचवलं जातं, पण त्याने फक्त संदेश थांबतात, दोष तिथेच राहतो.