रोगट लिंबाच्या बियांची रोपं ठेवू की उपटू?

रोपवेडी:
माझ्या कागदी लिंबाला ट्रिस्टेझा व्हायरस असल्याचा अहवाल आलाय. कोवळं पान उजेडासमोर धरलं की शिरांवर तुटक पांढुरक्या रेघा दिसतात. फांदीची साल सोलली तर आतल्या लाकडावर टोचल्यासारखे खड्डे. झाड काढायचं ठरलंय, पण अहवालाआधीच त्याच्याच बिया पेरल्या होत्या. बेचाळीस रोपं बोटभर झालीत, एकेका बीतून दोन-दोन कोंब. बियांतून व्हायरस उतरला असेल का? उपटायला हात धजत नाही.

हिरवीपालवी:
मी असतो तर उपटून टाकली असती. आईला रोग तर रोपांनाही असणारच.

कलमवाला:
ताई, उपटू नका! ट्रिस्टेझा बियांतून जात नाही. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि बीतल्या गर्भापर्यंत त्या वाहिन्या पोचतच नाहीत. पसरतो तो मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आणि कलमाच्या डोळ्यातून (कलमासाठी घेतलेल्या कळीतून). शिवाय एका बीतून दोन कोंब आले की त्यातला निदान एक बहुधा परागापासून नव्हे, आईच्याच पेशींपासून झालेला असतो. म्हणजे झाड हुबेहूब आईसारखं, पण तिच्या व्हायरसशिवाय. लिंबूवर्गातल्या जुन्या जाती अशाच शुद्ध करून घेतल्या गेल्या. फक्त अशा रोपांना काटे फार आणि फळाला वर्षं लागतात.

मात्र हा नियम सगळ्या फळझाडांना लावू नका. चेरी आणि प्लममध्ये प्रुनस नेक्रॉटिक रिंगस्पॉट व्हायरस बियांतून जातो, परागातूनही जातो. अॅव्होकॅडोचा सनब्लॉच (हा व्हायरॉइड, व्हायरसहूनही लहान) तर आणखी फसवा. रोग दिसणाऱ्या झाडाच्या बियांतून तो क्वचितच जातो, पण वरून ठणठणीत दिसणाऱ्या वाहक झाडाच्या बहुतेक रोपांत उतरतो. म्हणून नुसतं झाड बघून बी घेतलेलं मला अजिबात पटत नाही.

रोपवेडी:
रोपं त्याच झाडाखाली आहेत.

कलमवाला:
मग बियांची नको, माव्याची काळजी करा. आजच हलवा आणि बारीक जाळीत ठेवा. झाड तोडण्याआधी त्यावरचा मावा मारा, नाहीतर पंखवाले मावे उडून रोपांवर बसतील. कागदी लिंबू ट्रिस्टेझाची खूण चटकन दाखवतं, म्हणून नवी पालवी उजेडासमोर धरून बघत राहा.

रोपवेडी:
सगळी हलवली. एका पानाखाली चार काळपट मावे सापडले. ते रोप वेगळं ठेवलंय.