मुलीचा टाइप १ मधुमेह शाळेत सांगावा का?

प्रश्न (जुळे सोलापूर):
माझी मुलगी चौथीत आहे. तिला नुकतेच टाइप १ मधुमेहाचे निदान झाले असून दिवसातून चार वेळा इन्सुलिन द्यावे लागते. डॉक्टर शाळेला कळवा म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे असे की मुलीची जात आहे, आज शाळेत सांगितलेले उद्या साऱ्या नात्यागोत्यात पोहोचेल आणि पुढे लग्नात आडवे येईल. त्यांची भीती मला अगदीच निराधार वाटत नाही. कुणाला, किती सांगावे?

उत्तर १ (होटगी रस्ता):
ताई, माझा मुलगाही इन्सुलिनवर आहे. वर्गशिक्षिका आणि पी.टी.चे सर यांना सांगण्याला पर्याय नाही, कारण रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की मूल घामाघूम होते, हात थरथरतात, कधी उगाच चिडते किंवा बाकावर डोके टेकून पडते, आणि ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांना तो आळस किंवा उद्धटपणा वाटतो. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची आणि तरीही कमीच असली तर पुन्हा द्यायचे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा. एवढे एका कागदावर मराठीत लिहून द्या. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. दप्तर उन्हात राहिले तर इंजेक्शनच्या पेनमधले इन्सुलिन खराब होते, म्हणून ते सावलीत, गार जागी ठेवू द्यावे, हेही त्याच कागदात असू द्या.

उत्तर २ (निवृत्त शिक्षिका):
तोंडी सांगून थांबू नका. वर्गशिक्षिका रजेवर गेल्या की बदली शिक्षकाला काहीच माहीत नसते. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज देऊन पोच घ्या आणि ही माहिती फक्त संबंधित शिक्षकांपुरती ठेवावी, अशी विनंती त्यातच करा. वर्गात डबा खाण्याची व मध्येच बाहेर जाण्याची परवानगीही मागा. सीबीएसईने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या मधुमेही परीक्षार्थींना खाण्याचे पदार्थ सोबत नेण्याची मुभा दिली होती; तुमची शाळा राज्य मंडळाची असली तरी तो दाखला अर्जात देता येईल.

उत्तर ३ (अशोक चौक):
वर्गातल्या मुलांना सांगायचे की नाही, हे मुलीलाच ठरवू द्यावे, असे मला वाटते. चौथीतल्या मुलीला तेवढी समज असते. सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. साखर उतरणे म्हणजे काय हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले, तर शिक्षकांना सांगण्यास त्यांचा विरोध कदाचित उरणार नाही. लग्नाचा विचार करायला अजून पुष्कळ वर्षे आहेत. आणि ती रिक्षाने जात असेल तर रिक्षावाल्या काकांनाही ग्लुकोजची पुडी देऊन ठेवा, कारण शाळा सुटल्यापासून घरी पोहोचेपर्यंत ती त्यांच्याच हवाली असते.